तारेतलं सिरीयस

सिरीयस हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो एक आजार वाटला. पटकी असते, देवी असतात, तसा हा सिरीयस. आणि भारी विचित्र आजार! अडलेल्या बाळंतिणीला तोच, इंजिनाच्या वाफेनं भाजलेल्या खलाशाला तोच, साप चावलेल्या गुराख्यालाही तोच. मी मनात म्हणायची, या आजाराला काही धरबंधच नाही. आणि लागट असला तर आपली धडगत नाही, कारण तिघांचंही सगळं मीच करत होते.

मी लोणावळ्यात एका धर्मादाय दवाखान्यात आया होते. पन्नास सालानंतर लागले आणि सत्तर सालाच्या पुढं सुटले. दिवाळी अंकाच्या ताई म्हणाल्या, "आजी, दवाखान्यातलं काहीतरी लिहा." लिहा म्हणायला काय जातंय त्यांचं! डॉक्टरनं लिहिलं तर ऑपरेशनं लिहील. आयानं काय लिहायचं? खाटेखालचं भांडं काढायचं, अंग पुसायचं, चादरी बदलायच्या, पट्ट्या उकळायच्या, रडणाऱ्याजवळ बसायचं. आणि माणूस गेला की डोळे मिटायचे, हनुवटीला पट्टी बांधायची, हातपाय सरळ करायचे. हे शेवटचं काम सिस्टरसुद्धा मला हाक मारून करून घ्यायच्या. माझ्या हाताखालून गेलेला माणूस झोपल्यासारखा दिसायचा, एवढं मात्र मी ऐटीत सांगते.

शाळा मी बाहेरूनच पाहिली. अक्षरं शिकले ती औषधांच्या बाटल्यांवरून आणि एका म्हाताऱ्या सिस्टरच्या नादानं. तिलाच मी एक दिवस भीत भीत विचारलं, "सिस्टर, हा सिरीयस लागट असतो का हो?" ती इतकी हसली की हातातला ट्रे खाली ठेवावा लागला तिला. मग म्हणाली, "अगं वेडे, सिरीयस म्हणजे आजार नाही. सिरीयस म्हणजे आजार जोरात आहे. माणूस वाचेल किंवा जाईल. अजून काही ठरलं नाही."

अजून काही ठरलं नाही. डॉक्टरांचा अर्थ हा. खाटेच्या पायाशी कागद अडकवलेला असायचा, त्यावर ते लाल पेन्सिलीनं तो शब्द लिहायचे. पेशंट बिचारे आंदर मावळातले, पवन मावळातले, त्यांना कुठलं इंग्रजी? पण त्या शब्दाचं पहिलं अक्षर वेटोळं घातलेल्या सापासारखं असतं ना, ते सगळ्यांनी ओळखून ठेवलं होतं. सकाळी नातेवाईक आले की आधी माणसाचं तोंड बघायचे नाहीत, कागद बघायचे. "अक्का, साप आला काय वं?" असं विचारायचे.

तिकोणा पेठेची एक बाई आठवते. नवऱ्याच्या कागदावर साप आलेला. मी पाणी घेऊन गेले तर ही पदराचं टोक थुंकीनं ओलं करून तो लाल शब्द पुसत बसलेली. मला बघून दचकली. म्हणाली, "अक्का, सांगू नगा कुनाला. जरा फिक्का केला, एवडंच." मी कशाला सांगते? कागदाला भोक पडेपर्यंत पुसलं तिनं. नवरा गेला तो गेलाच.

पण डॉक्टरांचा अर्थ वेगळा आणि बाहेरच्या जगातला वेगळा. बाहेर या शब्दाचा संसार चालायचा तारेवर. मावळातली माणसं कुठं कुठं पांगलेली, कोण गिरणीत, कोण रेल्वेत, कोण पलटणीत. त्यांना बोलवायचं तर तार. तार जायची इंग्रजीत, आणि वाक्य एकच ठरलेलं. आई सिरीयस, ताबडतोब नीघ. बाप सिरीयस, ताबडतोब नीघ. आमच्या दवाखान्याचे कंपाउंडर होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते हे वाक्य इतक्यांदा लिहायचे की झोपेत सांगितलं तरी कागदावर उतरलं असतं.

आता खरी गोम ऐका. माणूस गेलेला असला तरी तारेत सिरीयसच लिहायचे. मेला असं कोणी लिहायचं नाही. का? तर वाचणारा एकटा, परक्या मुलखात. धक्का बसेल, वाटेत काही बरंवाईट करून घेईल. म्हणून आशेवर आणायचा, आणि गावात आल्यावर चार माणसांनी धरायचा. यात माया होती, नाही असं नाही. पण हळूहळू सगळ्यांनाच ठाऊक झालं. तारेत सिरीयस म्हणजे गेला. तारवाला दारात दिसला की आधी हंबरडा, मग तार. पुन्हा काही बहाद्दर असेही, की त्यांची आई दर भातलावणीला सिरीयस व्हायची, कारण रजा मिळायला दुसरा उपाय नव्हता. रेल्वेच्या एका फोरमननं असल्या एकाला विचारलं होतं म्हणे, "काय रे, तुझ्या आईला आवणाचा चिखल सोसत नाही काय?"

तर अशी त्या शब्दाची गत झालेली. आणि त्याच दिवसांत कोंडामावशी आमच्याकडं आली.

आंदर मावळातली ती. भातकापणीत छातीत कळ आली, मग ताप, मग धाप. पुतण्या महादूनं बाजेवर घातली, चौघांनी खांद्यावर घेऊन कान्ह्याच्या स्टेशनापर्यंत आणली आणि तिथून गाडीनं लोणावळ्याला. काटकुळी म्हातारी, पण जीभ शाबूत. मी अंग पुसायला लागले तर म्हणते, "हळू गं बाई. भांडं घासतीस का मानूस?"

डॉक्टर तपासून आले आणि कागदावर साप काढला. महादूला म्हणाले, "हिचं कोण आहे? बोलावून घ्या." एक मुलगा, सोपान, भुसावळच्या रेल्वे शेडमध्ये फायरमन, इंजिनात कोळसा टाकणारा. एक मुलगी, हौसा, मनमाडला दिलेली, तिचा नवराही रेल्वेतच. पण हौसा नुकतीच बाळंत झालेली, तिला यायची सोय नव्हती. म्हणून तार एकट्या सोपानला. अण्णांनी लिहिली, महादूनं पोस्टात नेऊन दिली. आई सिरीयस, ताबडतोब नीघ.

आणि गंमत बघा, नव्हे, गंमत कसली! अण्णांनी आजवर लिहिलेल्या त्या ढिगातली ही एक तार अक्षरन् अक्षर खरी होती.

भुसावळहून माणूस दुसऱ्या दिवशी यायला हवा. आला नाही. तिसराही दिवस गेला. कोंडामावशीची खाट दाराच्या समोर. कोणी व्हरांड्यात चढलं की ती मान उचलायची. मी म्हणायची, "मावशी, पडून राहा, धाप लागते." तर म्हणायची, "धाप जातीया कुटं? ती हाय माज्याजवळ. पोरगा न्हाई."

एका दुपारी मी तिला पेज भरवत होते. दोन चमचे घेतले आणि तोंड फिरवलं. म्हणाली, "त्यो यायचा न्हाई, अक्का."

"का बरं? रजा मिळाली नसेल."

"रजा मिळती. त्याला माजा राग हाय." आणि थांबत थांबत सांगायला लागली. "त्याचा बाप गेला तवा तार म्याच करायला लावली. मास्तर म्हनलं, काय लिवू? मी म्हनलं, शिरेस लिवा. पोरगं एकलं येनार, वाटंत काय करून घील. त्यो आला. कान्ह्यापास्नं पळत आला. हातात बापासाठी मोसंब्या. आनि हितं राख सुदिक सावडून झालती."

मी पेजेची वाटी खाली ठेवली. चमचा तसाच हातात.

"मला म्हनला, आई, रस्ताभर मी देवाला काय काय नवस बोललो, तुला ठावं हाय का? सगळं मेल्या मान्सासाठी? त्यापास्नं येतो, न्हाई असं न्हाई. पर घरात बसत न्हाई. उंबऱ्यावर बसतो आनि जातो. त्येवडं इचारायचं हाय त्याला. राग गेला का, एवडंच. मग मी सुटले."

आता तुम्ही म्हणाल, मरणाऱ्या माणसाला कळतं का आपण मरणार? कळतं. मी पुष्कळ पाहिलेत. पण काही जण एखाद्या गोष्टीपायी अडून बसतात, दारात अंग टाकलेल्या गाईसारखे. ओढून हलत नाहीत.

सोपान आला तो संध्याकाळच्या गाडीनं. मी व्हरांड्यात चादरी घडी करत होते. पायऱ्या चढून एक तिशीचा माणूस आला. धापा टाकत, डोक्यावरून टॉवेल गुंडाळलेला, मिशी नाही. मागं महादू. महादूचं तोंड असं, जणू त्यालाच कोणी मारलंय.

"आई कुटं हाय?" त्यानं विचारलं.

"तूच सोपान? आत आहे. केव्हाची वाट बघतेय रे!"

तो आत जाईना. पायरीवरच बसला आणि टॉवेल काढला. तुळतुळीत डोकं. मी हातातली चादर घट्ट धरली. आमच्याकडं मुलगा डोकं आणि मिशी कोणासाठी उतरवतो, ते सांगायला नको.

महादू हळूच म्हणाला, "अक्का, ह्यो गावाकडं चाललावता. दहाव्याचं सामान घिऊन. वाटंत माजी गाठ पडली. मी म्हनलं, अरं सोपाना, कोन गेलं रं? तर मलाच म्हनतो, महादा, आई न्हवं का? मी म्हनलं, अरं म्हातारी जित्ती हाय! लोनावळ्याला तुजी वाट बगतीया! तसा रस्त्यातच बसला खाली."

सोपान आमच्या दोघांकडं न बघता बोलत होता. "तार आली. शेडमदली समदी म्हनली, शिरेस म्हंजी गेलीच की. मला काय ठावं न्हवतं? बापाच्या टायमाला शिकलोच की मी. ह्या बारीला म्हनलं, न्हाई फसायचं. आशाच धरायची न्हाई. गडी लोकांनी नदीवर न्हेलं, डोकं उतरलं, आंगूळ घातली. म्हनलं, मढं काय आपल्यासाठी ठिवत न्हाईत. मनमाडला उतरलो, हौसाला सांगितलं. दोगं रडलो. दोन दिस तितंच ऱ्हायलो, तिला सोडून निगवंना. अक्का, मी दोन दिस जित्त्या आईला रडत बसलो आनि आई हितं..."

त्यानं टॉवेल तोंडावर धरला.

आमचे डॉक्टर राउंडला निघाले होते, ते थांबले. माणूस चांगला, पुण्याचा, नवीनच आलेला. सगळं ऐकल्यावर म्हणाले, "पण आम्ही तर सिरीयसच कळवलं होतं."

"व्हय साहेब," सोपान म्हणाला. "म्हनूनच."

डॉक्टर त्याच्या खांद्यावर हात ठेवून पुढं गेले.

मी टॉवेल पुन्हा त्याच्या डोक्याला नीट गुंडाळला, पागोट्यासारखा. म्हटलं, "तिला मोतीबिंदू आहे, नीट दिसत नाही. डोकं खाली घालू नको म्हणजे झालं." पण आईपुढं कोण डोकं खाली घालत नाही? तो खाटेजवळ गेला, "आई" म्हणाला आणि पायावरच पडला. तिनं हात पुढं केला. तोंडावरून फिरवला, मिशीच्या जागेवर थांबला. मग टॉवेलाखाली गेला. गुळगुळीत डोक्यावरून पुढं, मागं, पुन्हा पुढं.

मी पुढं सरकले. म्हटलं, झालं, आता हिचा श्वास बंद पडतो.

"कुनाचं केलंस रं?" तिनं विचारलं.

त्यानं टॉवेल पुन्हा ओढून घेतला.

"बाप तर कवाच गेला. मग माजंच न्हवं?"

"आई, तार आली... मला वाटलं..."

ती हसायला लागली. खरंच हसली हो, खोकला येईपर्यंत. मी पाठ चोळली. दम आल्यावर म्हणाली, "तुजं काय चुकलं? बापाच्या टायमाला मी खोटं कळवलं. आता माज्या खऱ्यावर तुजा इस्वास कसा बसावा?" मग पुन्हा डोक्यावर हात. "राग गेला का रं?"

सोपान आडवा होऊन तिच्या कुशीत रडत होता. एवढा बाप्या माणूस, खाटेवर मावेना. "राग न्हाई आई. राग न्हाई."

"मग आता केस येऊ द्यात तुजं. तवर बसते मी. बोडक्याच्या हातचा अग्नी कुनी घ्यावा? लोक म्हनतील, ह्यो आदीच तयारीनं आला."

वॉर्डातली माणसं हसली. दोघी-तिघींनी हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

आणि ती बसली की हो! ताप उतरला, पेज पोटात राहायला लागली. डॉक्टरांनी कागद बदलला, नव्या कागदावर साप नव्हता. सोपाननं मनमाडला पत्र टाकलं, आई आहे म्हणून. हौसाचं उत्तर आलं, सव्वा महिना झाला की बाळाला घेऊन येते. कोंडामावशी रोज सकाळी सोपानला खाली बसवायची आणि डोकं चाचपायची. "आज जरा खरखरतंय." कापलेल्या भाताची धसकटं तळपायाला लागतात तसं लागतंय म्हणायची. तिला दुसरं काय आठवणार? मी म्हणायची, "मावशी, पीक कसं आहे?" ती म्हणायची, "गाभ्याला आलंय."

मी तेव्हा अशी खुळी, मला वाटलं ही घरी जाणार. इतकी वर्षं काम केलेलं, पण मला वाटलं.

एका सकाळी तिनं डोकं चाचपलं आणि हात खाली घेतला नाही. तसाच ठेवून म्हणाली, "हौसा येस्तोवर जमत न्हाई रं आता. तिला तार कर. सरळ लिव. मी गेल्यावर कर आनि सरळ लिव. लेकीला फसवू नगं." दुपारी पुन्हा धाप लागली. डॉक्टर आले, सुई दिली, काही झालं नाही. मी डोळे मिटले, हनुवटी बांधली. सोपाननं तिच्या हाताखालून डोकं काढलं तेव्हा त्यावर बोटभर नाही, नखभर केस आले होते.

मग आम्ही अण्णांकडं गेलो. अण्णांनी काही विचारलं नाही. तारेचा कागद ओढला, टाक उचलला आणि हाताच्या सवयीनं लिहून टाकलं. आई सिरीयस, ताबडतोब नीघ.

"अण्णा, त्यो शबुद नगा लिवू," सोपान म्हणाला.

"अरे, असंच लिहितात. ओली बाळंतीण ती, एकटी येणार. दूध आटेल तिचं."

"गेली म्हना. गेली याला काय शबुद हाय त्यो घाला."

"बाईमाणसाला असं कळवतात का? तुला समजत नाही."

आता मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अण्णा, तिनं आई एकदा मेलेली ऐकली, एकदा जिवंत झालेली ऐकली. आता सिरीयस कळवलंत तर त्या पोरीनं काय समजायचं? रडायचं की नवस बोलायचा?"

अण्णांनी टाक खाली ठेवला. मग त्यांनी कागद फाडला आणि दुसऱ्या कागदावर तो दुसरा शब्द लिहिला. इतकी वर्षं तारा लिहिणारा माणूस, पण हात अडखळला. हिज्जे बरोबर आहेत का, ते डॉक्टरांकडं जाऊन विचारून आले.

हौसासाठी थांबणं शक्य नव्हतं. कोंडामावशीला गावाकडं नेली. न्हाव्यानं सोपानच्या डोक्याकडं बघितलं आणि म्हणाला, "ह्यात काय उतरू?" सोपान म्हणाला, "जेवडं हाय तेवडं." हे महादूनं मला सांगितलं.

हौसा त्यानंतर दवाखान्यात आली. आईचं गाठोडं न्यायला. बारकीशी बाई, तोंडावर काळे डाग पडलेले, छातीशी पोर. मी तिला ती खाट दाखवली. खाटेवर तोवर दुसरी पेशंट आली होती, म्हणून ती शेजारी खालीच बसली. मी चहा आणून दिला. मला धाकधूक, अण्णांचं बरोबर होतं का काय. म्हटलं, "हौसा, तार अशी उघडीच आली, फार लागलं असेल गं तुला."

ती पोराला पाजत होती. खाली बघूनच म्हणाली, "लागलं की. तार वाचनाऱ्याला मी दोनदा इचारलं, नीट बगा भाऊ, शिरेस हाय का? त्यो म्हनला, न्हाई बाई, गेली. मंग मी कल्यानच्या गाडीत बसले आनि रडले. दादासारकं देवाला काय मागत बसले न्हाई. डब्यात एक म्हातारी व्हती, कोन कुटली, ठावं न्हाई. तिनं पोर माज्याकडनं घेतलं, मला खिडकीपाशी बसवलं आनि म्हनली, रड पोरी रड, कल्यान अजून लय लांब हाय."